बेटावरची सुटी आणि प्रवासवर्णनातले ‘आम्ही’

गेल्या काही वर्षांत दिवाळी अंकांतून, मंडळांच्या स्मरणिकांतून आणि हौसेने छापलेल्या छोट्या पुस्तकांतून एक नवा लेखनप्रकार रुळला आहे. नवरा-बायको, बहुधा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किंवा निवृत्तीनंतर, एखाद्या उष्ण कटिबंधातल्या बेटावर आठवडाभर जाऊन येतात. बेट कधी मॉरिशस असते, कधी बाली, कधी मालदीव. परतल्यावर दोघांपैकी एक जण लेख लिहितो. त्यात विमानतळावरचे स्वागत येते, खोलीच्या खिडकीतून दिसणारे निळे पाणी येते, सकाळच्या नाश्त्याला किती पदार्थ होते ते येते आणि शेवटी सूर्यास्त येतो. लेखकाला भाषा येते, शब्द नेमके असतात, तरीही चार दिवसांनी त्या लेखातले काही आठवत नाही. मालदीव काढून बाली घातले तरी लेखात फारसा बदल करावा लागणार नाही.

या लेखनाची टिंगल करणे सोपे आहे. समीक्षकांनी एक तर तेच केले किंवा त्याकडे पाहिलेच नाही. मला ते गांभीर्याने घ्यावेसे वाटते. मराठी मध्यमवर्गाच्या आयुष्यातला हा खरा आणि नवा अनुभव आहे, तो मोठ्या कष्टाने मिळवलेला असतो, आणि त्याला अजून स्वतःचे गद्य सापडलेले नाही. ते का सापडले नाही, या प्रश्नाचे उत्तर लेखकांच्या कुवतीत नाही. ते आपल्या प्रवासवर्णनाच्या परंपरेत आणि काही अंशी आपल्या भाषेत शोधावे लागते.

भाषेपासून सुरुवात करू. आराम करण्यासाठी गावाबाहेर जाणे या गोष्टीला मराठीत जुना शब्द आहे ‘हवापालट’. तो औषधाच्या बाटलीशेजारी ठेवण्यासारखा शब्द आहे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून माणूस महाबळेश्वरला किंवा माथेरानला जाई. आमच्या मध्य प्रांतातून पचमढीला जाई. प्रकृती बरी असताना नुसते पडून राहण्यासाठी खर्च करणे याला शब्द नव्हता, कारण त्याला मान्यताही नव्हती. ‘मधुचंद्र’ हा शब्द इंग्रजी शब्दाची दोन्ही अंगे भाषांतरित करून घडवलेला आहे. १९६७ साली राजदत्तांच्या चित्रपटाचे तेच नाव होते, तोवर तो घरोघर पोचला होता. त्याआधी जोडप्याने मिळून करायचा प्रवास म्हणजे ‘जोडीने काशी करणे’. तो संसाराच्या सुरुवातीला नसे. मुलींची लग्ने उरकल्यावर, देणी फेडल्यावर, शेवटाकडे असे.

समुद्राचे नाते तर याहून अवघड. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत मोडत होती. मराठी माणूस परक्या समुद्रकिनाऱ्यावर उभा राहिल्याचे जे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे, ते १९०९ सालच्या ब्रायटनचे: सावरकरांच्या त्या कवितेत समुद्र म्हणजे मातृभूमीपासून तोडणारी वस्तू. पुढे १९११ साली तेच सावरकर अंदमानात पोचले. ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली पुस्तकरूपाने आले आणि उष्ण कटिबंधातले, नारळीचे, निळ्या पाण्याचे बेट मराठी वाचकाला प्रथम भेटले ते तुरुंग म्हणून.

आज जबलपुरातल्या आयुधनिर्माणीत किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या पिढीला अंदमान वेगळे माहीत आहे. सरकारी प्रवास सवलतीच्या नियमांनी तिकडे विमानाने जाण्याची सोय दिली, तेव्हा नर्मदेकाठच्या कितीतरी जोडप्यांनी पहिला समुद्र पाहिला तो तिथेच. त्यांच्या कार्यक्रमात एका संध्याकाळी सेल्युलर जेलमधला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम असतो आणि दुसऱ्या दिवशी राधानगरचा किनारा. ही दोन दिवसांची शेजारणी मला फार बोलकी वाटते. एका लेखात ती दोन्ही येतात. पहिल्या दिवशी भाषा ताठ उभी राहते, डोळे पाणावतात. दुसऱ्या दिवशी ती वाळूवर आडवी होते. दोन परिच्छेदांमध्ये काही ये-जा नसते. कालच्या संध्याकाळी ज्या समुद्राने कैद्यांना कोंडले, त्याच समुद्रात आज आपण पाय बुडवून बसलो आहोत, याचे नवल वाटलेला लेख माझ्या वाचनात आला नाही. ते नवल हेच खरे तर लेखाचे द्रव्य होते.

आता प्रवासवर्णनाच्या परंपरेकडे येऊ. आपले प्रवासवर्णन मुळात कामसू आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर लिहिले ते तिथली लोकस्थिती आपल्या लोकांना समजावून देण्यासाठी. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ एका विचाराच्या दिशेने जाते. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, प्रभाकर पाध्यांचे ‘तोकोनामा’ ही पुस्तके परक्या समाजाचा अभ्यास मांडतात. मीना प्रभूंनी नंतरच्या काळात एकेका देशावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले तेव्हाही गृहपाठ सोडला नाही. या सगळ्यांत प्रवासी सकाळी लवकर उठतो. तो पाहतो, विचारतो, टिपून घेतो. काही न करता बसलेला प्रवासी आपल्या गद्यात जवळजवळ नाहीच. बसला तरी त्याला जरा अपराधी वाटते आणि तो लगेच इतिहासाचे पान उघडतो.

या परंपरेतून बेटावर गेलेले जोडपे पाहायचे तर नजर अपरिहार्यपणे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’कडे वळते. ‘अपूर्वाई’ (१९६०) नंतरचे हे पुस्तक, पु. ल. आणि सुनीताबाई या दोघांचा आग्नेय आणि पूर्व आशियातला प्रवास. नावातच श्लेष आहे: पूर्वेचे रंग, आणि कीर्तनातला, उत्तररंगाच्या आधीचा पूर्वरंग. वाचकाने आधीच ओळखावे की हा माणूस देश पाहायला एखाद्या मैफलीला बसल्यासारखा बसणार आहे. बालीच्या पानांवर नेमके तेच घडते. वाचकाच्या मनात मागे उरते ते नृत्य, वाद्यांचा मेळ, देवळे आणि कलेत भिजलेले साधे जगणे. वाळू उरत नाही. पु. लं.नी त्या बेटावर आराम केला नाही, दाद दिली.

त्या पानांचे सामर्थ्य इथेच आहे. दाद देणारा माणूस समोरच्याला माणूस म्हणून ओळखतो. नाचणारी मुलगी, वाद्य वाजवणारा म्हातारा हे त्याच्यासाठी देखाव्याचा भाग नसतात. ते कलावंत असतात, आणि लेखक स्वतः संगीतातला असल्याने त्यांच्या कामाची किंमत जाणतो. आजच्या बेटलेखांत हॉटेलच्या अंगणात नाच होतो तेव्हा नर्तकीबद्दल ‘सुंदर’ या एका विशेषणापलीकडे काही येत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या लेखनाने ही पातळी घालून दिली होती, हे विसरता कामा नये.

पण मर्यादाही तिथेच आहे. दाद देणाऱ्याला ओळखीचे सूर आधी ऐकू येतात. रामायण, महाभारत, देवळातली घंटा दिसली की मराठी प्रवासी सुखावतो. आपलेच काही परक्या पाण्यापलीकडे जपलेले सापडल्याचा तो आनंद असतो. तो खोटा नाही. मात्र त्या आनंदात बेटाचा स्वतःचा काळ पुसट होतो. साठीच्या दशकात इंडोनेशियाचे राजकारण फार वेगाने तापत होते; १९६५-६६ मध्ये तिथे जे हत्याकांड झाले त्यात बालीही रक्ताने भिजली. त्याआधी तिथे गेलेल्या लेखकाने भविष्य सांगावे अशी अपेक्षा नाही. मुद्दा नंतरच्यांचा आहे. ‘पूर्वरंग’ हाताशी धरून आजही बालीला जाणारे मराठी लेखक तीच निरागस, नाचती बाली शोधतात. पूर्वसूरींची दाद त्यांच्यापुरती जाहिरात होऊन बसते.

दुसरी गोष्ट ‘आम्ही’ची. पु. लं.च्या प्रवासवर्णनांत दोघे जण आहेत आणि विनोदाचा काही भाग या दोघांवर उभा आहे: व्यवहाराचे भान ठेवणारी बायको आणि त्या भानाला कायम आव्हान देणारा नवरा. ही जोडी प्रेमळ आहे, वाचताना हसू येते. पण सर्वनाम ‘आम्ही’ असले तरी पाहणारे डोळे एकाचेच आहेत. आपल्याकडे जोडपे जोडीने पूजेला बसते तेव्हा पळीने पाणी सोडतो तो नवरा. बायको त्याच्या हाताला हात लावून बसते. पूजा दोघांची, पुण्यही दोघांचे, पण कृती एका हाताची. मराठी प्रवासवर्णनातले ‘आम्ही’ असेच आहे. एक हात लिहितो, दुसरा त्याला टेकलेला असतो.

सुनीताबाईंच्या बाबतीत ही बाब अधिक टोचते, कारण तो टेकलेला हात काय लिहू शकत होता ते १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ आल्यावर सगळ्यांना कळले. त्या पुस्तकावर तेव्हा जी चर्चा झाली ती बहुतांशी एका लाडक्या लेखकाच्या घरातल्या गोष्टी बाहेर आल्या म्हणून झाली. मला त्यातली नजर महत्त्वाची वाटते. ती स्वतःला सूट देत नाही, नवऱ्याला देत नाही आणि वाचकालाही देत नाही. जवळच्या माणसाबरोबर असतानाही एकटे असणे म्हणजे काय, हे इतक्या थंड डोक्याने मराठीत फार थोड्यांनी लिहिले. अशा नजरेने जर बेटावरचा एक आठवडा लिहिला असता तर? घर नाही, पाहुणे नाहीत, स्वयंपाक नाही, हिशेब नाही. समोर फक्त समुद्र आणि शेजारी तो एक माणूस. संसाराने दोघांमध्ये उभी केलेली कामांची भिंत एकदम काढून घेतली, तर मागे काय उरते? बेटावरच्या सुटीचा हा गाभ्याचा प्रश्न आहे. पंचवीस वर्षांनी प्रथमच दोघांना बोलायला वेळ आहे आणि बोलायचे काय ते सुचत नाही, ही स्थिती अनेकांनी अनुभवली असेल. आमचे लेख तिथे लगेच नाश्त्याचे पदार्थ मोजू लागतात.

कामे संपली की उरते ते नाते, आणि त्या नात्याबद्दल बोलणे म्हणजे घराबाहेर धुणे काढणे, असा संकोच यामागे आहे. तो संकोच मी समजू शकतो. मात्र तो पाळायचा असेल तर ‘आम्ही’ या सर्वनामाचा आधार घेऊ नये. ‘आम्हाला फार आनंद झाला’ या वाक्यात दुसऱ्या माणसाची साक्ष त्याला न विचारता नोंदवलेली असते.

इथे मला जबलपूरच्याच एका जोडप्याची आठवण करून द्यावीशी वाटते, आणि या नियतकालिकाच्या इतर भाषांतल्या वाचकांना ते नाव परके नाही. अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) जबलपुरात जन्मले, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकले, परत येऊन इथेच कला शिकवली. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेची परिक्रमा टप्प्याटप्प्याने सुरू केली. हिंदीत आणि गुजरातीत दोन्हीकडे स्वतःच लिहिले. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढच्या टप्प्यांत पत्नी कांता त्यांच्याबरोबर चालल्या. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, २००२ साली, दोघे पुन्हा नव्याने निघाले.

परिक्रमा आणि समुद्रकाठची सुटी यांत साम्य काय, असे कोणी विचारील. साम्य एवढेच की दोन्हींत एक जोडपे घर सोडून पाण्याच्या काठाने राहते आणि दोन्हींत काहीही मिळवायचे नसते. पण फरकातून शिकण्यासारखे बरेच आहे. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. परिक्रमेत ती ओलांडायची नाही, हा नियम. रात्री कुणाच्या तरी ओट्यावर, धर्मशाळेत, शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी टाकायची. म्हणजे रोजचा मुक्काम कुणीतरी देतो तेव्हाच मिळतो. वेगडांच्या गद्यात म्हणून माणसांची गर्दी आहे: पीठ देणारी बाई, वाट चुकवणारा मुलगा, आपल्या झोपडीत जागा नाही म्हणून ओशाळलेला म्हातारा अशी माणसे त्या काठावर भेटत राहतात. चित्रकाराचे डोळे खडक आणि पाणी पाहतात, पण वाक्य माणसावर येऊन थांबते. शिवाय जोडपे दारात आले की घराचे आतले दारही उघडते. एकट्या पुरुषाला ओटा मिळतो, बाई बरोबर असली तर चुलीपर्यंत जाता येते. बरोबरची बाई केवळ सोबत नसते, तिच्यामुळे पुस्तकाला दुसरी खोली मिळते.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: विसावा. वारीच्या वेळापत्रकात तो अधिकृत शब्द आहे. पालखीचा दुपारचा विसावा कुठे, हे गावांना आधीपासून ठाऊक असते. परिक्रमेतही चातुर्मासात चार महिने एका ठिकाणी थांबतात. या विसाव्यात अपराधीपणा नाही, कारण तो चालण्याचाच भाग आहे. आणि त्यात यजमान आहे. विसाव्याच्या गावाला नाव असते, तिथे पाणी कोणी दिले ते सांगितले जाते. ‘आराम’ विकत घेता येतो, विसावा कुणाच्या तरी अंगणातच घ्यावा लागतो. बेटलेखांतून गायब असतो तो हा यजमान.

तो गायब का होतो, याचे एक कारण बेटांच्या व्यवस्थेत आहे. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत आणि त्यांतल्या दोनशेच्याही कमी बेटांवर लोकवस्ती आहे. १९७२ साली पर्यटन सुरू झाले तेव्हापासून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुळली. पाहुणे निर्मनुष्य बेटांवर आणि माणसे आपल्या बेटांवर, अशी ती वाटणी. स्थानिक बेटांवर छोटी अतिथिगृहे उघडायला मोकळीक मिळाली ती २००९ नंतर. शिवाय पाहुण्याला जेवण वाढणारा मुलगा बऱ्याचदा बांगलादेशाचा, श्रीलंकेचा किंवा आपल्याच देशाचा असतो. म्हणजे मालदीवला जाऊनही मालदीवचा माणूस न भेटण्याची पक्की सोय आहे. राजधानी मालेजवळ थिलाफुशी नावाचे बेट आहे, तिथे नव्वदच्या दशकापासून कचरा टाकला जातो. निळ्या पाण्याचे वर्णन करणाऱ्या लेखात त्या बेटाला जागा नसते. २०२४ च्या जानेवारीत भारत आणि मालदीव यांच्यात वाद पेटला आणि अनेकांनी आरक्षणे रद्द केली, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदाच जाणवले असेल की त्या बेटांवर सरकार आहे, निवडणुका आहेत, माणसे आहेत.

कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटाच्या लेखिका जमैका किंकेड यांनी १९८८ साली ‘अ स्मॉल प्लेस’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात त्या थेट पर्यटकाला ‘तू’ म्हणून बोलतात आणि त्याने न पाहिलेले एकेक दाखवतात: तू पोहतोस त्या पाण्यात तुझ्या न्हाणीघरातले पाणी कुठून येऊन मिळते ते. सुटीला जाणारा माणूस स्वतःच्या गावात कंटाळलेला असतो, तसा बेटावरचा माणूसही कंटाळलेला असतो. फरक एवढाच की त्याला सुटीवर जाणे परवडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे पुस्तक रागाने लिहिलेले आहे आणि तो राग न्याय्य आहे. पण मराठी जोडप्याला ते लागू करताना एक गुंता होतो. किंकेड यांचा पर्यटक गोरा, श्रीमंत देशातला आहे. आपला पर्यटक मात्र कधीकाळी त्याच बेटावर राबलेल्यांचा भाऊबंद आहे.

मॉरिशस हे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर करारावर त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईमधला तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ साली जागतिक वारसा ठरला. उतरलेल्यांत बिहारी, तमिळ, तेलुगू होते तसे रत्नागिरीकडचे मराठीही होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. घरात बहुधा क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. हिंदीच्या वाचकांना हा इतिहास अभिमन्यू अनत यांच्या ‘लाल पसीना’ (१९७७) या कादंबरीतून माहीत आहे. उसाच्या मळ्यांतला घाम त्या शीर्षकातच आहे. मराठीत तिथून आलेला असा मोठा आवाज आपण ऐकलेला नाही, आणि इथून जाणारे त्याची चौकशी करत नाहीत. मॉरिशसवरचे मराठी लेख मी वाचले त्यांत गणपती येतो, ‘परदेशातही आपली संस्कृती’ हे वाक्य येते, आणि पुढच्या ओळीत पॅराग्लायडिंग येते. आपला माणूस इथे कसा आला, त्याला कोणी आणले, हा प्रश्न ‘आपली संस्कृती’ या शब्दांखाली दबून जातो. बालीत रामायण पाहून सुखावणारी तीच नजर इथेही आहे, फक्त इथे तिने झाकलेली गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे.

हे वाचून कोणी म्हणेल की समुद्रकाठी दोन दिवस निवांत पडायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळ्या जगाचे ओझे कशाला? माणूस दमलेला असतो. तीस वर्षे पाळ्यांमध्ये काम केलेल्या कामगाराला, दोन पिढ्यांची सेवा केलेल्या बाईला काही न करण्याचा हक्क आहे की नाही? हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना त्यात मोठे तथ्य आहे. आराम हा आजवर मूठभरांचाच होता. तो सामान्य घरांपर्यंत पोचला ही वाईट गोष्ट नव्हे. सुटीवर गेलेल्याने अभ्यास करावा, असे माझे म्हणणे नाही. तो खुशाल झोपावा. पण परतल्यावर त्याने लेख लिहायला घेतला की तो पर्यटक राहत नाही, लेखक होतो. आणि लेखकाला काय दिसले एवढेच नव्हे तर काय दिसले नाही तेही विचारता येते. खुद्द दमणे हाही विषय आहे. ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आयता चहा आणून दिला, तिला तो घेताना संकोच झाला का, मोठ्याने हसू आले का, की डोळे भरून आले? चहा आणणाऱ्या मुलाच्या घरी त्याला चहा कोण देते, हा प्रश्न तिच्या मनात आला असण्याची शक्यता तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त आहे. लेख मात्र नवरा लिहितो.

आणि बेट दूरच असायला हवे असेही नाही. जबलपुराहून थोड्याच अंतरावर बरगी धरण आहे. नर्मदेवरच्या मोठ्या प्रकल्पांतले ते पहिले पुरे झालेले. १९९० च्या सुमारास पाणी भरले आणि १६२ गावांना त्याची झळ पोचली. आज त्या जलाशयाच्या काठी बसून, बोटीतून फिरून आम्ही शहरवासी समुद्राची हौस भागवतो. पूर्वीच्या टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहिले आहेत, त्यांना लोक बेटे म्हणतात. वेगड १९७७ साली जबलपुराहून मंडल्याकडे ज्या काठाने चालत गेले, त्या काठाचा मोठा भाग या पाण्याखाली आहे. त्यांच्या पुस्तकाची पहिली पाने वाचणे आणि बोटीतून त्याच पाण्यावरून जाणे, या दोन गोष्टी एकाच दिवशी करून पाहाव्यात. पाणी तितकेच सुंदर दिसते. फक्त ते रिकामे दिसत नाही.

बेटावरच्या सुटीच्या मराठी लेखांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. सूर्यास्त राहू द्यावा, नाश्ताही राहू द्यावा. ‘आम्ही’ फोडून त्याचे ‘मी’ आणि ‘ती’, किंवा ‘मी’ आणि ‘तो’ करावे, आणि जमल्यास दुसऱ्याच्या हातातही लेखणी द्यावी. एकाच आठवड्याचे दोन लेख शेजारी छापायला कोणत्या संपादकाची हरकत असेल? जिथे थांबलो त्या अंगणाचा मालक कोण, हे एकदा विचारावे. आणि दोघांमध्ये जी शांतता पसरली तिच्यापासून पळून जाऊ नये. पूर्वरंग संपल्यावर कीर्तनकार श्रोत्यांना थोडा वेळ देतो, मग आख्यानाला हात घालतो. बेटांचे आपले आख्यान अजून लागायचे आहे.